जमिनीखालचे पेव: कंदात स्टार्च कसा भरतो आणि त्यात जनुकांचा हात किती

फाल्गुन सरत आला की सातारा-सांगलीकडच्या गच्च्यांवर बटाट्याचे वेफर्स आणि कीस वाळत पडतो, आणि त्याच सुमारास दरवर्षी एक तक्रार कानावर येते. एकाच दुकानातून, एकाच दराने आणलेल्या बटाट्यांपैकी एका पोत्याचे वेफर्स तळल्यावर पांढरेशुभ्र फुलतात, तर दुसऱ्या पोत्याचे तेलात पडताच तांबूस-काळपट होतात आणि चवीलाही किंचित कडवट लागतात. दोष तेलाला दिला जातो, उन्हाला दिला जातो, क्वचित करणाऱ्या बाईच्या हाताला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा आणखी मागे असते. तो बटाटा कोणत्या तापमानात ठेवला गेला आणि त्या तापमानाने त्याच्या आतील कोणती जनुके जागी केली, यावर वेफरचा रंग ठरतो.

जनुकांचा विषय सध्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात येऊ लागला आहे, त्याला एक बातमी कारण झाली. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुकसंपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकात छोटा बदल केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर केले. भातात हे झाले, मग उद्या बटाट्यात, रताळ्यात, हळदीत होईल का, झाले तर आपल्या ताटात आणि आपल्या रानात काय बदलेल, असे प्रश्न त्यानंतर साहजिकच विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे देण्याआधी कंदात स्टार्च मुळात तयार कसा होतो हे समजून घ्यावे लागते, कारण जनुक हा शब्द ऐकताच प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते आणि शेत नजरेआड होते. प्रत्यक्षात पेरणीची तारीख, नत्राची मात्रा आणि साठवणुकीचे तापमान ठरवताना शेतकरी रोजच या जनुकांच्या कामात हात घालत असतो. हा लेख मुख्यतः तेवढेच सांगण्यासाठी आहे.

स्टार्च म्हणजे नेमके काय

बटाट्याचा कीस पाण्यात धुतला की पाणी दुधासारखे गढूळ होते, आणि भांडे थोडा वेळ न हलवता ठेवले की तळाशी पांढरा, घट्ट साका बसतो. वरचे पाणी ओतून दिल्यावर हा साका बोटाने दाबून पाहावा. तो दाबताना कुरकुरतो आणि बोट उचलले की पुन्हा सैल होऊन पसरतो. हाच स्टार्च, ज्याला पाठ्यपुस्तकात पिष्ट म्हणतात. त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला तर तो निळा-काळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अंडाकृती कण दिसतात. बटाट्याचे कण बहुतेक पिकांपेक्षा मोठे, काही तर १०० मायक्रॉनपर्यंतचे असतात, तर तांदळाचे कण जेमतेम ३ ते ८ मायक्रॉनचे असतात.

रासायनिकदृष्ट्या स्टार्च म्हणजे ग्लुकोज या साध्या साखरेचे हजारो रेणू एकमेकांना जोडून झालेली साखळी. ही जोडणी दोन प्रकारची असते. सरळ, जवळजवळ बिनफांद्यांच्या साखळीला अमायलोज म्हणतात आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या साखळीला अमायलोपेक्टिन. बहुतेक कंदांत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अमायलोज आणि बाकीचा अमायलोपेक्टिन असतो. हे प्रमाण बदलले की शिजवलेल्या पदार्थाचा पोत बदलतो: अमायलोज जास्त असेल तर थंड झाल्यावर पदार्थ घट्ट होऊन पाणी सोडतो, आणि अमायलोपेक्टिन जास्त असेल तर तो चिकट व पारदर्शक राहतो. उपवासाचा साबुदाणा ज्या कसावा कंदापासून होतो, त्याचा भिजून फुगण्याचा आणि शिजल्यावर काचेसारखा होण्याचा गुणही या स्टार्चच्या स्वभावातूनच येतो.

वनस्पतीने साखर आहे तशी का साठवू नये, असे वाटू शकते. साखर पाण्यात विरघळते आणि विरघळलेली साखर आजूबाजूचे पाणी पेशीत ओढून घेते. ती फार साठली तर पेशीतील पाण्याचा तोल बिघडतो. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, कमी जागेत मावतो आणि महिनोन्महिने टिकतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही व्यवस्था पटकन उमजेल. तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असे ते खोल खड्डे हळदीने भरून तोंड बंद केले की माल वर्षानुवर्षे किडीशिवाय राहत असे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच पेवे निकामी झाली, पण ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या माल जमिनीखाली ठेवला गेला, तिथल्या वाचकाला कंदाचे काम वेगळे समजावण्याची गरज नाही. बटाटा हे त्या झाडाचे पेव आहे. मग पेव भरणारे कोण, ते केव्हा भरायचे आणि केव्हा उपसायचे हे सांगणारे कोण, एवढेच पाहायचे उरते.

जनुक असणे वेगळे, जनुक जागे असणे वेगळे

जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यात एखादे प्रथिन कसे घडवायचे याची सूचना लिहिलेली असते. यांतील पुष्कळशी प्रथिने विकरे असतात. विकर म्हणजे पेशीतील एखादी विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. बटाट्याचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ३९,००० जनुके असल्याचे दिसून आले.

आता मुद्द्याची गोष्ट. हा जनुकसंच पानाच्या पेशीत जसा असतो तसाच्या तसा कंदाच्या पेशीतही असतो. तरीही पान हिरवे होते आणि कंद पांढरा राहतो, कारण प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी जनुके जागी असतात. जनुक जागे असते, म्हणजे त्याच्यावरून आरएनए नावाच्या नकला उतरवल्या जात असतात आणि त्या नकलांप्रमाणे पेशी प्रथिन बनवत असते. नकला जास्त उतरल्या तर प्रथिन साधारणपणे जास्त, कमी उतरल्या तर कमी, आणि एकही उतरली नाही तर ते जनुक असून नसल्यासारखे. यालाच जनुकाची सक्रियता म्हणतात. पेवाच्या मालकाने सूचनावही सगळ्यांना सारखी वाटली आहे, पण आज कोणत्या पानावरचा हुकूम किती मजुरांना द्यायचा, हे दररोज आणि जागेनुसार वेगळे ठरते.

हुकूम सुटला म्हणजे काम झालेच, असे मात्र नाही. बनलेले विकरही पेशीतील परिस्थितीनुसार कामाला लागते किंवा थंडावते. म्हणून जनुकांची सक्रियता महत्त्वाची असली तरी स्टार्चचा सगळा हिशेब तिच्यात येत नाही. हे लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढे एका प्रसिद्ध प्रयोगाचा उलगडा याच गोष्टीमुळे होतो.

पानातली साखर कंदात स्टार्च कशी होते

पाने सूर्यप्रकाशात साखर बनवतात. तिचा काही भाग दिवसभर पानातच तात्पुरता स्टार्च म्हणून राहतो आणि रात्री पुन्हा विरघळून बाहेर पडतो. ही साखर सुक्रोजच्या रूपात, म्हणजे आपल्या उसात असते त्याच रूपात, देठातील आणि खोडातील वाहिन्यांतून खाली कंदाकडे वाहत जाते. पेवापाशी येणारा माल हा असा.

कंदाच्या पेशीत पोचलेले सुक्रोज आधी फोडले जाते. हे काम मुख्यतः सुक्रोज सिंथेज नावाचे विकर करते. त्याच्या जनुकाची सक्रियता मुद्दाम कमी केलेल्या बटाट्यांत स्टार्च स्पष्टपणे घटलेला आढळला आहे, यावरून त्याचे महत्त्व कळते. सुक्रोज फोडून मिळालेले पदार्थ पुढच्या पायऱ्यांनी ग्लुकोज-फॉस्फेट होतात आणि पेशीतील अमायलोप्लास्ट या रंगहीन, पडदेदार कोठ्यांत शिरतात. स्टार्च तिथेच तयार होतो, बाहेर नाही.

कोठीत शिरल्यावरची पहिली पायरी सर्वांत कळीची आहे. एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज असे लांबलचक नाव असलेले विकर ग्लुकोज-फॉस्फेटपासून एडीपी-ग्लुकोज बनवते, आणि स्टार्चच्या साखळीला जोडला जाणारा प्रत्येक ग्लुकोज याच रूपात यावा लागतो. शास्त्रज्ञ या विकराला एजीपेज म्हणतात, आपणही पुढे तेच म्हणू. १९९२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी बटाट्यात एजीपेजचे जनुक दडपले, तेव्हा कंदांतील स्टार्च जवळजवळ नाहीसा झाला, त्याच्या जागी साखर साचली आणि कंदांची संख्या वाढली. माल येत राहिला, पण पेवात उतरवणारा माणूसच नव्हता.

एडीपी-ग्लुकोज तयार झाल्यावर स्टार्च सिंथेज या विकरांचे कुटुंब साखळी लांबवते. त्यांतील एक, जे स्टार्चच्या कणालाच चिकटून राहते, ते अमायलोज बनवते. त्याचे जनुक निकामी झाले की कंदात अमायलोज जवळजवळ राहतच नाही. दुसरी विकरे साखळीला फांद्या फोडतात आणि आणखी एक गट वेड्यावाकड्या फांद्या छाटून कणाला नीट बांधेसूद करतो. या सगळ्यांची जनुके एकत्र, एकाच काळात आणि एकमेकांच्या प्रमाणात सक्रिय असावी लागतात. फांद्या फोडणारे विकर कमी पडले तर स्टार्चचा स्वभाव बदलतो. लांबवणारे कमी पडले तर कण नीट घडत नाहीत.

या रचनेतील मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग असा की, माल स्वतःच मजूर बोलावतो. पेशीत सुक्रोज वाढले की एजीपेजसारख्या विकरांच्या जनुकांची सक्रियता वाढते. म्हणजे पाने निरोगी असतील, ऊन चांगले असेल आणि साखर खाली भरपूर येत असेल, तर कंद ती साठवण्याची तयारी आपोआप वाढवतो. करप्याने पाने जळाली की कंद पोसत नाहीत, याचे एक कारण माल कमी येतो हे, आणि दुसरे कारण मजुरांना हुकूमच सुटत नाही हे.

पेव भरायला कधी घ्यायचे, हे कोण सांगते

खटाव आणि कोरेगाव तालुक्यांत, विशेषतः पुसेगाव परिसरात, खरिपात बटाटा घेतला जातो. उत्तर भारताच्या मैदानात बटाटा हे थंडीचे पीक, मग इथे पावसाळ्यात तो कसा पोसतो? याचे उत्तर पुन्हा एका जनुकाकडे जाते.

बटाट्याच्या पानांत एसपी६ए नावाचे जनुक सक्रिय झाले की त्याचे प्रथिन पानातून खाली प्रवास करते आणि जमिनीखालच्या आडव्या फुटव्यांच्या टोकाशी पोचून त्यांना लांब वाढणे थांबवून फुगायला लावते. ही गोष्ट २०११ मध्ये उघड झाली. पुढे २०१९ मध्ये असेही दिसले की, हेच प्रथिन साखर पेशीबाहेर गळू देणाऱ्या एका वाहक प्रथिनाला आवरते आणि त्यामुळे साखर फुटव्यातच राहते. पेव खणण्याचा हुकूम आणि माल गळू न देण्याची व्यवस्था, दोन्ही एकाच निरोप्याकडे आहेत.

हा निरोप्या उष्णतेला घाबरतो. रात्रीचे तापमान साधारण १८ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर कंदधारणा चांगली होते. रात्री उबदार राहिल्या तर एसपी६एची सक्रियता घटते आणि झाड पाला वाढवत राहते. खटावच्या पठारावर पावसाळ्यात आभाळ झाकलेले असते, हवा गार असते, उष्मा मैदानाइतका चढत नाही. म्हणून तिथे खरिपातही कंद धरतो. शेतकऱ्यांनी हे अनुभवाने ओळखले, जनुकाचे नाव पुष्कळ नंतर कळले.

नत्राचेही असेच आहे. युरियाचा हात सैल सुटला की पाला माजतो आणि बटाटा उशिरा धरतो, हे गावातला कोणीही सांगेल. नत्र भरपूर मिळते तेव्हा वनस्पती साखर पाने आणि खोड वाढवण्याकडे वळवते, कंदधारणेचा संकेत लांबतो आणि एजीपेजच्या जनुकाची सक्रियताही दबते. पालाशचे काम निराळे आहे. स्टार्चची साखळी लांबवणाऱ्या विकराला काम करण्यासाठी पोटॅशियम लागते, म्हणजे इथे हुकूम सुटलेला असतो, पण हत्यार हातात नसते. पालाश कोणत्या खतातून दिले यानेही फरक पडतो. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडमुळे कंदातील घनपदार्थ, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, काहीसा कमी भरतो, म्हणून वेफर्ससाठी बटाटा पिकवणारे सल्फेट ऑफ पोटॅशला पसंती देतात. ते महाग पडते, हे खरे. बटाटा साध्या भाजीच्या बाजारात जाणार असेल तर तो खर्च परवडेल असे वाटत नाही.

रताळ्यात हा निर्णय आणखी वेगळ्या पद्धतीने होतो. बटाटा हे फुगलेले खोड असते, रताळे हे फुगलेले मूळ. वेल लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फुटणाऱ्या मुळांपैकी काही बारीक व चिवट राहतात आणि काही पोसतात. पोसणाऱ्या मुळांत लिग्निन, म्हणजे लाकूडपणा आणणारा पदार्थ, बनवणारी जनुके मंदावलेली आणि स्टार्च बनवणारी जनुके वाढलेली आढळतात. एकदा मूळ लाकडाळले की ते मागे फिरत नाही. लागवडीनंतरच्या त्या सुरुवातीच्या काळात पाण्याचा ताण पडला किंवा जमीन घट्ट बसली तर पुढे कितीही खत दिले तरी वेलीला दोरीसारखी मुळेच राहतात, ती याच कारणाने.

पेव उपसले जाते तेव्हा: गोड बटाटा आणि काळा वेफर

काढणी झाली तरी कंद जिवंत असतो, श्वास घेत असतो आणि त्याची जनुके काम करीत असतात. भाजीचा बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात, कारण त्या थंडीत कोंब येत नाहीत आणि सडही कमी होते. पण एवढ्या थंडीत बटाटा स्टार्च फोडू लागतो, आणि इन्व्हर्टेज नावाच्या एका विकराचे जनुक जोमाने सक्रिय होते. हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. म्हणून शीतगृहातून नुकताच निघालेला बटाटा गोडसर लागतो.

या दोन साखरा गरम तेलात कंदातील अमिनो आम्लांशी संयोग पावतात आणि तपकिरी रंग व कडवटपणा येतो. भाकरी तव्यावर खरपूस होताना असाच संयोग होतो, तिथे तो हवासा वाटतो. वेफरमध्ये मात्र त्याच संयोगातून, ॲस्पॅरॅजिन या अमिनो आम्लामुळे, ॲक्रिलामाइड नावाचा आरोग्याला नकोसा पदार्थही तयार होतो. २००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी तो तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत असल्याचे दाखवले. काळपट वेफर टाकून द्यावा, तो केवळ दिसायला वाईट म्हणून नव्हे.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला साठवणुकीचा: वेफर्सचा बटाटा १० ते १२ अंशांवर, कोंबरोधकाच्या मदतीने ठेवतात. दुसरा घरचा: थंडीतून आणलेला बटाटा घरातल्या साध्या तापमानात, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी दोन-तीन आठवडे पसरून ठेवला तर साचलेल्या साखरेचा बराच भाग श्वसनात खर्च होतो आणि काही पुन्हा स्टार्चमध्ये बदलतो. चकत्या पाण्यात चांगल्या धुतल्या की पृष्ठभागावरची साखरही निघून जाते. तिसरा मार्ग वाणाचा. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिपसोना-१ आणि कुफरी चिपसोना-२ हे वाण दिले, ज्यांत घनपदार्थ जास्त आणि या साखरा कमी असतात. हे वाण साध्या संकरातून निवडलेले आहेत, त्यांत परके जनुक घातलेले नाही.

प्रयोगशाळेतही हेच जनुक नेमके दडपून पाहण्यात आले. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी इन्व्हर्टेजचे जनुक शांत केलेला बटाटा ४ अंशांवर साठवला आणि नंतर तळला, तेव्हा चकत्या फिक्या राहिल्या आणि ॲक्रिलामाइड कित्येक पटींनी घटले. वेफरच्या काळेपणात या एका जनुकाचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

रताळे भाजल्यावर गोड का होते आणि हळद शिजवतात कशासाठी

रताळ्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर चुलीवर होते. त्यात बीटा-अमायलेज हे विकर मुबलक असते. ६५ ते ७५ अंशांच्या टप्प्यात स्टार्च फुगून मऊ पडतो आणि हे विकर त्याचे माल्टोज साखरेत रूपांतर करते. तापमान आणखी चढले की विकर निकामी होते. म्हणून आषाढी एकादशीचे रताळे मंद निखाऱ्यावर सावकाश भाजले तर अधिक गोड होते आणि कुकरमध्ये घाईने उकडले तर कमी. ज्या वाणात या विकराचे जनुक फारसे सक्रिय नसते, ते रताळे कसेही शिजवले तरी पिठूळच राहते.

हळदीत पाहू गेले तर कुरकुमीनची चर्चा फार होते, पण वाळलेल्या हळकुंडाचा सर्वांत मोठा भाग स्टार्चच असतो. काढणीनंतर हळद शिजवली की आतला स्टार्च फुगून एकजीव होतो, त्यामुळे कंद सारखा वाळतो आणि कडक, टणत्कार करणारे हळकुंड मिळते. कच्च्या राहिलेल्या हळदीचे हळकुंड मोडल्यावर आत पिठासारखे दिसते, आणि बाजारात त्याचा भाव पडतो.

“मग एकच जनुक वाढवले की स्टार्च वाढणार नाही का?”

हा प्रश्न विचारणाऱ्याने योग्य जागी बोट ठेवले आहे, आणि शास्त्रज्ञांनीही आधी हेच करून पाहिले. १९९२ मध्येच अमेरिकेत एका जिवाणूचे, सहजी न थंडावणारे एजीपेजचे जनुक बटाट्यात घातले गेले आणि कंदांतील स्टार्च सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे प्रसिद्ध झाले. मोठी आशा निर्माण झाली. पण १९९६ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी असाच प्रयोग केला, तेव्हा विकराचे काम वाढूनही एकूण स्टार्च वाढला नाही, कारण तयार होणारा स्टार्च त्याच वेगाने फुटतही होता. भरणारे मजूर वाढवले, तसे उपसणारेही वाढले.

यातून निघणारे अनुमान माझ्या मते स्पष्ट आहे: स्टार्चचे प्रमाण ही अनेक पायऱ्यांची एकत्रित मिळकत आहे. पानातून येणारी साखर, ती फोडणारे विकर, कोठीत शिरण्याची वाट, ऊर्जेचा पुरवठा, एजीपेज, साखळी लांबवणारी आणि फांद्या फोडणारी विकरे, आणि उलट दिशेने काम करणारी विकरे, यांपैकी कोणतीही एक पायरी अडली तर बाकीच्या वाढवून उपयोग होत नाही. स्टार्चचे प्रमाण बदलण्यापेक्षा त्याचा प्रकार बदलणे मात्र पुष्कळ सोपे आहे, कारण अमायलोज बनवण्याचे काम जवळजवळ एकाच जनुकावर अवलंबून आहे. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रात अमायलोज नसलेला कसावा तर निसर्गतः घडलेल्या बदलातून सापडला आणि २००७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. असा स्टार्च शिजवून थंड केल्यावर पाणी सोडत नाही, म्हणून खाद्य आणि कागद उद्योगांना तो हवा असतो.

“शुगर फ्री बटाटा मधुमेह असलेल्याला चालतो ना?”

बाजारात “शुगर फ्री” म्हणून विकला जाणारा बटाटा हा कमी साखर साचलेला, म्हणजे तळल्यावर काळा न होणारा बटाटा असतो. त्यात स्टार्च तेवढाच, किंबहुना वेफर्सच्या वाणांत थोडा जास्तच असतो, आणि तो स्टार्च पचल्यावर शेवटी ग्लुकोजच होतो. मधुमेहाच्या रुग्णाने असा बटाटा निर्धास्तपणे खावा, हा समज धोक्याचा आहे आणि विक्रेत्याने तो पसरवू नये.

“जनुकात ढवळाढवळ करणे घातक नाही का?”

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आधी दोन प्रकार वेगळे करू. पहिल्यात दुसऱ्या जीवाचे जनुक पिकात घालतात. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस हा त्याचा नमुना. दुसऱ्यात, म्हणजे जनुकसंपादनात, पिकाच्या स्वतःच्या जनुकात एखाद्या ठिकाणी छोटा बदल करतात आणि अंतिम रोपात परके जनुक ठेवत नाहीत. २०१७ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी बटाट्यातील अमायलोजचे जनुक या पद्धतीने बंद केले. बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात, त्या चारही बदलाव्या लागल्या. रताळ्यात सहा प्रती असतात, त्यामुळे तिथे हे काम अधिकच अवघड आहे.

भारतात मार्च २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परके जनुक नसलेल्या जनुकसंपादित पिकांच्या काही प्रकारांना जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांतील कडक तरतुदींमधून सूट दिली. भाताचे ते दोन वाण याच वाटेने आले. परके जनुक असलेल्या पिकांना मात्र जुनीच लांब तपासणी लागू आहे, आणि ती असावी असेच माझे मत आहे. युरोपात ॲमफ्लोरा नावाच्या जनुकबदल केलेल्या स्टार्चच्या बटाट्याला २०१० मध्ये परवानगी मिळाली होती. त्यात प्रतिजैविकाला दाद न देणारे एक खुणेचे जनुक होते, त्यावर मोठा वाद झाला, २०१२ मध्ये कंपनीने युरोपातून माघार घेतली आणि २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने परवानगीच रद्द ठरवली. लोकांचा विश्वास हाही तपासणीचा भाग असतो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

मात्र “निसर्गात असे कधीच घडत नाही” हा युक्तिवाद टिकत नाही. २०१५ मध्ये जगभरच्या लागवडीखालील रताळ्याचे २९१ नमुने तपासले गेले, तेव्हा त्या सर्वांत मातीतील ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे डीएनए आढळले. ते कोणा प्रयोगशाळेने घातलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या आपण एकादशीला जे खात आलो, त्यात जिवाणूचे जनुक आधीपासूनच आहे. त्यामुळे प्रत्येक नवा वाण निर्धोक ठरतो असे नाही. प्रत्येक वाण त्याच्यातील प्रत्यक्ष बदल पाहूनच तपासला पाहिजे, एवढेच यातून निघते.

उबदार रात्री आणि पुढचे वाण

बियाण्याच्या बाबतीत आज सातारा जिल्ह्यासाठी निकडीचा प्रश्न उष्णतेचा आहे, असे मला वाटते. रात्री उबदार राहिल्या तर कंदधारणेचा निरोप्याच दबतो, आणि मग पाणी, खत, फवारणी सारे नीट होऊनही झाडाखाली चार लहान बटाटे निघतात. एसपी६ए उष्णतेत कसे दडपले जाते, याचा एक दुवा २०१९ मध्ये सापडला. एक अतिशय लहान आरएनए वाढलेल्या तापमानात या जनुकाच्या नकला निकामी करतो. तो अडवलेल्या झाडांनी उष्णतेतही कंद धरले. दुसरीकडे साध्या निवडीतून आलेला कुफरी सूर्या हा उष्णता सोसणारा वाण २००६ पासून उपलब्ध आहे. कोणताही नवा वाण घेताना शेतकऱ्याने दुकानदाराला उत्पादनाचा आकडा विचारावाच, पण त्यासोबत दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रात्रीच्या किती तापमानापर्यंत हा कंद धरतो, आणि यात घनपदार्थ किती टक्के भरतो. पहिल्यावरून तो आपल्या हंगामात बसेल की नाही हे कळते, दुसऱ्यावरून त्याला भाजीच्या बाजारात न्यायचे की वेफर्सच्या कारखान्याशी बोलायचे हे ठरवता येते. बियाणे उतरवून घेतल्यानंतर हे दोन्ही प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.